परत ठेवायची माती

उत्तर आयर्लंडमधील फरमॅना परगण्यात बोहो नावाचे खेडे आहे. तेथील कॅथॉलिक चर्चच्या आवारात फादर जेम्स मॅगिर यांनी १८१५ साली चिरविश्रांती घेतली. त्यांच्या हाताला गुण होता आणि मरणोत्तर आपल्यावरची माती तेच कार्य करील असे ते सांगून गेले, अशी त्या भागातील श्रद्धा. दाढ दुखू लागली, घसा धरला, की माणसे तेथील चिमूटभर माती फडक्यात बांधून नेतात आणि उशाखाली ठेवतात. ठरावीक दिवसांनी ती जिथली तिथे परत ठेवायची असते.

२०१८ साली वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी या मातीत स्ट्रेप्टोमायसीस कुळातील एक नवा जीवाणू आढळल्याचे प्रसिद्ध केले. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या काही घातक जंतूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. (क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली याच कुळातून लाभले होते.) ते वाचून आम्हांस कोण आनंद झाला! विज्ञानाने अखेर श्रद्धेपुढे मान तुकवली, असे वाटले.

आज त्या आनंदाचीच आम्हांस थोडी लाज वाटते. काचेच्या बशीत जंतूंची वाढ थांबणे निराळे आणि उशाखालच्या पुरचुंडीने दाढ थांबणे निराळे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. शिवाय, जीवाणू सापडला म्हणून श्रद्धा खरी ठरत असेल, तर तो सापडेपर्यंतची दोनशे वर्षे ती काय होती? आणि ज्या आईने माती नेली, गुडघे टेकले, तरीही जिचे लेकरू वाचले नाही, तिची प्रार्थना खोटी होती काय? प्रयोगशाळेच्या दाखल्यावर श्रद्धा उभी करणारा या आईपुढे निरुत्तर होतो.

या साऱ्या कौतुकात आमचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. ही माती कोणाच्या मालकीची होत नाही. आयर्लंडच्या खेड्यांत भाजण्यावर, नायट्यावर, चामखिळीवर घराण्यातून आलेला 'गुण' असणारी माणसे आजही आहेत. त्या गुणाचे मोल पैशात घ्यायचे नाही, हा तेथील जुना दंडक. मिळालेले ते विकायचे कसे? बाजारातील औषधांस हा न्याय लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. कारखाने, चाचण्या, संशोधकांचे पगार यांना पैसा लागतोच. बोहोच्या जीवाणूपासून उद्या औषध झालेच, तर त्यालाही किंमत असेल आणि ती द्यावी लागेल. पण उपचार हे उसने घेतलेले देणे आहे, ही जाणीव त्या किमतीत कोठे मांडायची?

बोहोचा नियम बरे झालेल्यांपुरता नाही. ज्याला उतार पडला नाही, त्यानेही तीच वाट पुन्हा चालून जायचे आणि पुरचुंडी सोडून ती चिमूटभर माती कबरीवर ठेवायची.