परवाना खरा, लाकूड चोरीचे

रशियाच्या अतिपूर्व भागातल्या जंगलात ओकची झाडे तोडण्याचा एक परवाना होता. किती लाकूड तोडायचे याची मर्यादा त्यात ठरलेली होती. पण तोच कागद पुन्हा पुन्हा वापरला गेला आणि मर्यादेपेक्षा ८०० टक्के जास्त लाकूड त्याच्या नावावर जंगलाबाहेर गेले. अशा मालाच्या चीनमध्ये जमिनीवर बसवायच्या पट्ट्या झाल्या आणि त्या अमेरिकेत लंबर लिक्विडेटर्स या मोठ्या कंपनीकडे विक्रीला आल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दंड, जप्ती वगैरे मिळून १.३ कोटी डॉलरहून अधिक रकमेची शिक्षा झाली. आयातीच्या घोषणापत्रांत मंगोलियन ओकला वेल्श ओक म्हटले होते, रशियाच्या जागी जर्मनी लिहिले होते आणि म्यानमारचे लाकूड इंडोनेशियाची महोगनी म्हणून दाखवले होते.

घोषणापत्रातली ही माहिती खोटी होती, म्हणून ती पकडता आली. त्या परवान्याची गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. कागद मागणारा अधिकारी तो पाहून समाधानाने मान हलवील आणि तरीही गाडीतले लाकूड चोरीचे असेल. आयातीच्या नियमांचे पालन म्हणजे फाइल पूर्ण करणे, ही समजूत इथेच कोसळते.

ज्या कायद्याखाली ही शिक्षा झाली तो लेसी कायदा १९०० सालचा. मुळात तो शिकार केलेल्या प्राणीपक्ष्यांच्या चोरट्या व्यापारासाठी होता. २००८ च्या दुरुस्तीने झाडे आणि लाकूड त्यात आले. झाड ज्या देशात तोडले तिथला कायदा मोडला असेल, तर ते लाकूड अमेरिकेत आणणे हाही गुन्हा ठरतो. आयातदाराला झाडाचे शास्त्रीय नाव, तोडीचा देश, माल किती आणि किंमत किती, हे लिहून द्यावे लागते. शिवाय त्याने योग्य ती काळजी घेतली होती का, हे तपासले जाते. चोरीचा दागिना अजाणता घेतला तरी तो सोनाराकडे राहत नाही. तसेच इथे आयातदार निर्दोष असला तरी लाकूड जप्त होऊ शकते.

व्यापारी म्हणतात, आम्ही वनरक्षक नाही, सैबेरियात कोण काय तोडतो ते आम्ही कसे पाहणार? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो अर्धाच आहे. लाकडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला ओंडक्याकडे पाहून प्रत कळते, भाव कळतो. भाव एकाएकी का पडला हेही त्याला कळते. लंबर लिक्विडेटर्सच्या कर्मचाऱ्यांना रशियाच्या त्या भागातले लाकूड धोक्याचे आहे हे ठाऊक होते. खटल्याच्या नोंदीत तसे आले आहे. माहिती होती, फक्त तिच्यावरून खरेदी थांबली नाही. योग्य काळजी म्हणजे शंका आली की खरेदी थांबवणे, असा मी या कायद्याचा अर्थ लावतो.

आणि हे नुकसान काही एकट्यादुकट्या झाडांपुरते नव्हते. तिथल्या ओकच्या फळांवर आणि कोरियन पाइनच्या बियांवर रानडुकरे जगतात, हरणे जगतात. त्यांच्यावर सैबेरियन वाघ आणि अमूर बिबट्या जगतो. जुने, फळणारे झाड गेले की वाघाच्या पोटावर पाय येतो, मग बंदूक कोणी उचलली नाही तरी चालते.

नियम बोथटही असू शकतो, हे मान्य करायला हवे. २०११ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीवर छापे पडले ते भारतातून गेलेल्या शिसव आणि एबनीच्या पट्ट्यांसाठी. भारताच्या निर्यात नियमांत त्या पट्ट्या कापीव लाकडात मोडतात की वाद्याच्या भागांत, हेच धड स्पष्ट नव्हते. २०१२ च्या तडजोडीत कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, तो मादागास्करच्या एबनीबद्दल. भारतीय मालाच्या वर्गवारीत विसंगती आहे हे अमेरिकी सरकारने तिथेच मान्य केले. ज्या देशाचे नियम संदिग्ध, त्या देशाचा प्रामाणिक विक्रेताही संशयित होतो.

त्याहून कठीण प्रश्न म्यानमारचा आहे. तिथे सागाच्या कायदेशीरपणाचा दाखला सरकारी लाकूड महामंडळच देते. तेवढ्यावर विसंबून चालणार नाही, असे स्वीडनमधल्या न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यानंतर अमेरिका व युरोपीय संघाने त्या महामंडळावर निर्बंध घातले. दाखला देणाऱ्याच्याच हातात बंदूक असेल, तर त्या दाखल्याला काय किंमत?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. मुंबई-पुण्याच्या लाकूड बाजारात सीपी टीक, आफ्रिकन टीक आणि बर्मा टीक ही नावे रोजची आहेत. दाराची चौकट करताना आपण घनफुटाचा भाव विचारतो, बर्मा टीक आहे ना, एवढी खात्री करतो आणि अभिमानाने पाहुण्यांना सांगतो. ते झाड कोणी तोडले, हे विचारण्याची रीत नाही.

आपल्या कायद्यालाही ती नाही. १९८८ च्या वननीतीने आणि डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन आदेशाने आपण आपल्या नैसर्गिक जंगलांतली तोड आवरली. ते योग्यच झाले. पण लाकडाची भूक कमी झाली नाही. ती म्यानमार, मलेशिया, आफ्रिकेकडे वळली. आज कांडला बंदरात ओंडके उतरतात तेव्हा कीड आहे का, धुरी दिली का, शुल्क भरले का, हे पाहिले जाते. तोड कायदेशीर होती का, हे आयातदाराने तपासलेच पाहिजे असा लेसीसारखा कायदा भारतात नाही. उलट आपल्या शिसमच्या वस्तू परदेशी पाठवताना मात्र लाकूड कुठून आले याचा दाखला आपण जोडतो, कारण समोरचा तो मागतो.

आपल्याकडे असा कायदा यावा, असे मला ठामपणे वाटते. सुरुवात ओंडके आणि कापीव लाकडापासून व्हावी. झाडाची जात, तोडीचा देश, तोडीचा हक्क कोणाचा, एवढे आयातदाराने लिहून द्यावे आणि खोटे ठरल्यास माल जावा. जात ओळखायला लाकडाचा पातळ काप भिंगाखाली पाहणारे जाणकार डेहराडून आणि बंगळुरूच्या संस्थांत आहेत.

हक्क कोणाचा, हा रकाना मी मुद्दाम घातला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळूनही स्वतःचा बांबू विकताना वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक गावाच्या हाती आले, तेव्हा बांबू वैध झाला. आदल्या दिवशीही तो त्याच लोकांनी राखलेला होता. म्हणून कायदेशीर शब्दाचा अर्थ फक्त वनखात्याचा शिक्का असा धरला, तर जंगल राखणाराच चोर ठरेल. कागदाचा बोजा किती असावा, हेही पाहायला हवे. युरोपीय संघाच्या जंगलतोडीविरुद्धच्या नव्या नियमात माल ज्या जमिनीतून आला तिच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलावी लागली आणि लहान उत्पादकांवरचा बोजा हा त्यातला एक खरा आक्षेप होता.

लाकूड महाग होईल, ही तक्रार येईलच. होईल. पण स्वस्त लाकडाची किंमत आज कोण मोजतो तेही पाहावे. विदर्भातल्या शेतकऱ्याने बांधावर साग वाढवला, तर तो विकताना सातबारा, मोजणी, तोडीची परवानगी, हातोड्याचा छाप आणि वाहतूक परवाना असा सगळा रस्ता त्याला चालावा लागतो. त्याचा साग वखारीत पोहोचतो तेव्हा शेजारी परदेशातून आलेला ओंडका पडलेला असतो, ज्याला यातले काहीही कोणी विचारलेले नाही, आणि भाव मात्र दोघांचा एकाच बाजारात ठरतो.