शाळेतला वाफा
फ्रीडरिश फ्रोबेलने १८४० च्या सुमारास जर्मनीत बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा आवारातले काही वाफे सगळ्यांचे ठेवले आणि प्रत्येक मुलाला एक छोटा वाफा स्वतःचा दिला. त्यात काय लावायचे ते मुलाने ठरवायचे. शाळेतल्या बागेबद्दल पुढे पुष्कळ बोलले गेले, पण मला हाच तपशील सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका तोच वाटेत गळाला.

आपल्याकडे हा विचार श्रमाच्या अंगाने आला. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली. शेती, सूतकताई, सुतारकाम करता करता गणित, विज्ञान, भूगोल शिकायचे, याला समवाय म्हणत. आजही करून पाहावे. मेथीचा वाफा आखायचा तर लांबी-रुंदी मोजावी लागते, बियाण्याचा हिशेब मांडावा लागतो. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात, पण एका कोपऱ्यात येतच नाहीत. तिथे पाणी साचले, बी खोल गेले, की मुंग्यांनी नेले? चौथीची मुले यावर तावातावाने भांडतात आणि कोपरा उकरून पाहिल्याशिवाय भांडण मिटत नाही. विज्ञानाचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

पण शाळेचा खर्च या उत्पन्नातून निघावा, अशीही गांधीजींची अपेक्षा होती. तिथे गाडी अडली. उत्पन्नावर डोळा ठेवला की मुलाला चुकायची मुभा उरत नाही. आणखी एक आक्षेप होता, तो फार खोलवरचा: पोराच्या हातचे खुरपे सुटावे म्हणून शाळेत घातले, तर तिथेही खुरपेच? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या घरांचा हा प्रश्न. त्याला कष्टाचा कंटाळा म्हणणे हा अन्याय आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात मला या प्रश्नाचे उत्तर सापडते. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. ती कुरणशाळा. शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिकण्याची साधने. त्या मुलांना रान आधीच ठाऊक होते, आणि त्या जाणतेपणाला शाळेत मान मिळाला. खुरपे हातात असणे आणि रानाची ओळख हे ज्ञान मानले जाणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. बहुतेक शाळांत तो वेळापत्रकातला एक तास होऊन राहिला. आता पोषण आहाराच्या निमित्ताने परसबागा आल्या आहेत. खिचडीत शाळेतलाच पालक आणि शेवग्याचा पाला पडतो, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी वाफे मोठी माणसे आखतात, रोपे तयार आणतात आणि मुलांच्या वाट्याला पाणी घालणे, तण उपटणे एवढेच येते. मे महिन्यात सारे करपते. खरे तर आपली शाळा जूनमध्ये पावसाबरोबरच उघडते. बियांपासून सुरुवात करायला याहून सोयीचा महिना नाही.

प्रत्येक परसबागेत हातभर रुंदीची एक पट्टी मुलांच्या हवाली करावी. तिथे त्यांनी झेंडू लावला, चिंचोके पेरले किंवा काहीच उगवले नाही, तरी परसबाग स्पर्धेच्या गुणांत तिचा हिशेब धरू नये.