गणवेश उतरल्यावर



दर रविवारी परमप्रसाद घेण्यापूर्वी आपण जी प्रार्थना म्हणतो, ती मुळात एका सैनिकाची आहे. कफर्णहूमच्या शताधिपतीचा नोकर आजारी होता. प्रभूने आपल्या घरी यावे एवढी आपली योग्यता नाही, त्याने नुसता शब्द उच्चारला तरी पुरे, असे त्याने सांगितले. त्याच वेळी त्याने स्वतःची ओळखही करून दिली. आपण हुकुमाखालचे आहोत आणि आपल्याही हुकुमात शिपाई आहेत. त्यांना जायला सांगितले की ते जातात, बोलावले की येतात.

शुभवर्तमान या अधिकाऱ्याविषयी पुढे काही सांगत नाही. पण तोही कधीतरी निवृत्त झाला असेल. मग ‘जा’ म्हटल्यावर जाणारा कोणी उरला नसेल. त्या दिवसापासून तो कोण होता? हुद्दा गेला, गणवेश उतरला, की माणसाचे काय उरते? आणि जे उरते, त्याला आपण समाज म्हणून काय देणे लागतो? या प्रश्नाचा विचार आज आपण करू या.

आपल्या रायगड जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. महाड तालुक्यातील एका गावाचे नावच फौजी आंबवडे आहे. सैनिकांचे घरी येणे इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तरीही त्या येण्यात काय काय घडते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

बँकेतला किंवा कारखान्यातला माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो, तेव्हा त्याची मुले बहुधा मार्गाला लागलेली असतात. जवान मात्र पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे किंवा त्याहून थोडी अधिक नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत परत येतो, तेव्हा मुले अजून शाळेत असतात. नोकरी, सरकारी घर, शेजार आणि मुलांची शाळा, ही चारही त्याच्या कुटुंबाला एकदमच सोडावी लागतात. पत्नीने अनेक वर्षे एकटीने घर चालवलेले असते. सासू-सासऱ्यांचे आजारपण, शाळेची फी, पावसाळ्याआधी घराची शाकारणी, सारे तिनेच पाहिलेले असते. आता घरात दुसरा कारभारी येतो आणि त्याला हुकूम देण्याची सवय असते. मुले उत्तरेतल्या छावणीत वाढलेली असतील, तर त्यांच्या तोंडी हिंदी आधी येते. गावची मुले हसतात. सैनिक एकच निवृत्त होतो, पण निवृत्तीतून सारे घर जाते.

या बाबतीत आपल्या कोकणातल्या एका कुटुंबाची हकीकत विचार करण्यासारखी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे रामजी मालोजी सकपाळ हे ब्रिटिश सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा मुलगा भीमराव जन्मला. निवृत्तीनंतर, १८९४ च्या सुमारास, रामजींनी कुटुंब दापोलीस आणले आणि दोनेक वर्षांनी ते सातारा येथे गेले. तिथे थोड्याच काळात मुलांची आई भीमाबाई वारल्या.

छावणीत या घराला सुभेदाराचे घर म्हणून एक स्थान होते. साताऱ्यात ते राहिले नाही. भीमरावाला शाळेत वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. न्हावी मुलांचे केस कापायला तयार नसत, म्हणून बहीण ते काम करी. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशन मास्तरने आधी आस्थेने चौकशी केली. पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, पण ती हाकायची मुलांनीच. त्या रात्री त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे.

स्टेशन मास्तरने मान दिला तो कपड्यांना. कपड्यांच्या आत जे लहान मूल होते, ते त्याला दिसलेच नाही. मान आणि प्रतिष्ठा यांत असा फरक आहे. अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने दाखवून दिले होते की, मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती अधिक असतो. म्हणून माणसाचे खरे हित त्यावर उभे राहू शकत नाही. दिलेला मान काढूनही घेता येतो. ख्रिस्ती श्रद्धा याच्या पुढे जाते. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, असे सांगितले आहे. तिथे ना हुद्द्याचा उल्लेख आहे, ना जातीचा. ही प्रतिष्ठा कोणत्याही सरकारने दिलेली नाही, म्हणून ती निवृत्तही होत नाही.

हे उमगलेले एक निवृत्त सैनिक महाडजवळच्या रावढळचे होते. गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार काय, असा जाब विचारला. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी जे लोक जमले, त्यांतही लष्करातले पेन्शनर होते. सैन्याने त्यांना ताठ उभे राहायला शिकवले होते. गणवेशाशिवाय ताठ उभे राहणे त्यांनी स्वतः शिकून घेतले.

कोणी म्हणेल, “फादर, तो काळ गेला. आज माजी सैनिकाला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, २००३ पासून आरोग्य योजना आहे, नोकरीत राखीव जागा आहेत. शेतमजुराला यातले काय मिळते?” हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

त्याचे पहिले उत्तर असे की, पेन्शन हे देशाने फेडलेले ऋण आहे. शेजार मात्र सरकार देऊ शकत नाही. शिवाय पेन्शनही आता प्रत्येकाला नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी भरती होतात. मूळ घोषणेप्रमाणे त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे सैन्यात राहतील आणि बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनशिवाय परततील. सैन्यदलातील पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून पंचविशीच्या आतबाहेरची मुले घरी येऊ लागतील. ‘याला ठेवून घेतले नाही’ असे कुजबुजून त्यांचे स्वागत करायचे का, हे आपल्याला आधीच ठरवावे लागेल.

दुसरे उत्तर अधिक कठीण आहे. माणसाची किंमत गणवेशावर नाही, असे एकदा मान्य केले की ते सर्वांच्याच बाबतीत मान्य करावे लागते. पेण-रोहा भागातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पुढच्या पावसापूर्वी परततात. त्यांच्याही मुलांची शाळा सुटते. त्यांना कोणी सलाम करत नाही. सैनिकाच्या मुलाला वर्गात जागा करून देणारे आपण, कातकऱ्याच्या मुलाला ती देत नसू, तर आपला आदर अजून कपड्यांनाच आहे असे समजावे.

घरी परतणाऱ्या बांधवांनाही आम्हांस प्रेमाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. संत थॉमस अक्वायनस धैर्याविषयी लिहिताना म्हणतात की, हल्ला करण्यापेक्षा संकटात टिकून राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य आहे. धाटावच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर आपल्याहून वयाने लहान असलेल्या सुपरवायझरचे ऐकणे, ग्रामसभेत आपले म्हणणे फेटाळले गेले तरी पुढच्या सभेला जाणे, पत्नीने इतकी वर्षे नीट चालवलेल्या घराची रीत तिच्याकडून समजून घेणे, यांना पदके नाहीत. पण हे धैर्यच आहे. संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला आणि त्यांचे लष्करी जीवन संपले. पुढे बार्सिलोनात, तिशी उलटल्यावर, ते लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकायला बसले. येशूसंघाची स्थापना त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली. पुन्हा विद्यार्थी होण्याची लाज त्यांनी आधी जिंकली.

आता आपण धर्मग्रामस्थांनी काय करावे? प्रजासत्ताक दिनी पुष्पगुच्छ देणे चांगलेच आहे, पण ते सोपे आहे. एखादे कुटुंब बदलून आपल्याकडे आले, तर पहिल्याच महिन्यात त्यांच्या विभागातील प्रार्थनासमूहाने घरी भेट द्यावी. मुलांच्या शाळेचे दाखले आणि धर्मशिक्षणाची नोंद रखडली असेल, तर कोणीतरी सोबत जावे. माजी सैनिकाची आणि सैनिकाच्या विधवेची नोंद अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात झाली आहे का, हे विचारावे. पुष्कळ सवलती त्या नोंदीवर अवलंबून असतात. त्या घरातील गृहिणी कोणी शिक्षिका, परिचारिका असेल, तर तिच्या कामाचीही विचारपूस व्हावी. तिला ‘हवालदारांची मिसेस’ न म्हणता नावाने ओळखावे. आणि मिस्सामध्ये वाचन करायला त्यांच्यापैकी कोणाला सांगावे. नवख्याला पाहुणा म्हणून बसवून ठेवले की तो पाहुणाच राहतो. हाती काम दिले की तो घरचा होतो.

प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य या सैनिकी अधिकाऱ्याची कथा आहे. पेत्र दारात येताच तो त्याच्या पाया पडला. पेत्राने त्याला उठवले आणि आपणही माणूसच आहोत, असे सांगितले. मग दोघे बोलत बोलत घरात गेले. पेत्राने काही दिवस आपल्याकडे राहावे, अशी त्या घरच्यांनी त्याला विनंती केली. ख्रिस्तसभेचे दार परराष्ट्रीयांना उघडले ते अशा एका भेटीतून.

येत्या रविवारी शताधिपतीची ती प्रार्थना म्हणताना आपल्या बाकावर शेजारी कोण बसले आहे, ते जरा पाहू या. मिस्सानंतर त्यांचे नाव विचारू या.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू