टाकीतला आषाढ

पेण तालुक्यातले हमरापूर डोळ्यांसमोर आणा. आषाढातली संध्याकाळ, आणि पडवीला लागून काढलेला गणपतींचा घरगुती कारखाना. फळ्यांवर मूर्ती ओळीने बसल्या आहेत. दिवसभर स्प्रे गनने त्यांच्या अंगावर रंग चढला. डोळे अजून कोरे आहेत. आखणीचा हात उद्या लागेल. घरची माणसे जेवायला आत गेली आहेत. कोपऱ्यात कॉम्प्रेसर आहे आणि समोर तुम्ही.

स्टूल ओढून बसा. आज काही मोडलेले नाही, म्हणूनच बसायचे. मोडल्यावर मिस्त्रीला बोलावतात. धडधाकट यंत्रापाशी कोणी बसत नाही.

मननाच्या आधी श्रवण, हा आपल्याकडचा जुना क्रम. तो इथेही पाळू. मशीन आजच्यापुरते शेवटचे चालू होऊ द्या आणि डोळे मिटा. पिस्टनची ठकठक सुरुवातीला हलकी असते. टाकी भरत जाते तशी ती जड होते, डोक्यावर पाटी घेऊन चढण चढणाऱ्या पावलांसारखी. तिच्यात मध्येच चिरका सूर आला तर पट्टा सैल पडला असेल. ते लक्षात ठेवा, पण उठू नका. पट्ट्याला हात लावायचा तो मोटर बंद करून, प्लगची पिन काढल्यावरच.

काटा १२० पाउंडांवर पोचतो. खट्. मोटर थांबते आणि पाठोपाठ फुस्स असा एक छोटा निःश्वास ऐकू येतो. दिवसातून कितीदा हा आवाज कानांवरून गेला असेल. पिस्टनवरचे हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीत कोंडलेली हवा मशीन सोडून देते, ती पुढच्या वेळी मोटरला ओझ्याशिवाय उठता यावे म्हणून. हा निःश्वास आलाच नाही, तर पुढच्या वेळी मोटर कण्हत उठते. तो थांबलाच नाही, तर टाकीच्या तोंडचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि भरलेली हवा उलटी येते आहे. निरोगी निःश्वास क्षणाचा असतो.

आता शांतता. काटा कुठे आहे ते पाहून ठेवा. आपण पुन्हा त्याच्याकडे येऊ.

तळहात हेडच्या जवळ न्या, लावू नका. ऊब जाणवेल. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड तापते, ते लहानपणी हाताला कळलेले असते. इथे तेच, फक्त कितीतरी जोरात. दाबली की हवा तापते, आणि इथे ती उकळत्या पाण्यालाही मागे टाकते. हेडवरच्या पात्या ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहेत. आता त्या पात्यांकडे पाहा. दुपारी मूर्ती घासल्या, त्याची पांढरी भुकटी पात्यांच्या फटीत बसली आहे. यंत्राने गोधडी पांघरली आहे. तीच भुकटी हवेच्या फिल्टरवरही असणार, कारण हे मशीन याच खोलीतली हवा ओढते. श्वास अडला की ते जास्त वेळ चालते, जास्त तापते आणि तेवढेच काम करते. पात्यांसाठी सुका ब्रश, आणि फिल्टरला आतून बाहेर अशी हलकी फुंकर, एवढेच लागते. शक्य असेल तर मशीनच घासकामापासून दूर हलवावे. मात्र त्यासाठी विजेची वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज गळते आणि मोटर अर्धपोटी राबते.

खाली वाका. काचेचा छोटा गोल डोळा दिसेल, मध्ये लाल ठिपका. मशीन थांबलेले असताना आणि सपाट जमिनीवर असताना ऑइल त्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत असावे. पातळी सगळेच बघतात. तुम्ही रंगही बघा. मधासारखे असेल तर ठीक. काळे पडले असेल तर त्याची सेवा संपली. दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. घरात स्कूटरचे ऑइल उरले आहे म्हणून ते इथे ओतू नका. कॉम्प्रेसरला त्याचे स्वतःचे ऑइल लागते.

पाण्याचे नाव निघाले. इथे जरा जास्त वेळ थांबू.

समोरची टाकी १०० लिटरची आहे असे धरा. १२० पाउंडांवर तिच्यात बाहेरची सुमारे ९०० लिटर हवा बसलेली असते. म्हणजे नऊ घरांचे पाहुणे एका घरात. हवा दाटीवाटीने मावते. बाष्प मावत नाही. एका जागेत किती बाष्प राहील हे त्या जागेच्या तापमानावर ठरते. दाब वाढवून ते वाढत नाही. गरम हवा टाकीत येऊन निवते, आणि नऊ घरांच्या बाष्पातले एका घरापुरते राहून बाकीचे पाणी होते. पावसाळ्यातल्या अशा दमट दिवशी, ओली हवा २८ अंशांची असली, तर रिकामी टाकी एकदा भरताना सुमारे २० ग्रॅम पाणी तळाशी उतरते. चहाचे चार चमचे. गन दिवसभर चालली, तर पेलाभर.

हे पाणी कोणी ओतलेले नाही. ते सकाळपासून या खोलीत होते. मूर्ती वाळायला उशीर लावत होते, तुमच्या सदऱ्याला चिकटत होते, पण दिसत नव्हते. दाबाने ते निर्माण झाले नाही, फक्त उघडे पडले. बाहेर जो आषाढ आहे तोच थोडासा टाकीत पडला.

त्यातला एखादा थेंब नळीतून गनपर्यंत येतो आणि गालावरचा ओला रंग फुटतो. तेवढे सगळ्यांना दिसते, त्यावरून बोलाचालीही होते. उरलेले पाणी तळाशी गुपचूप पत्रा खात असते. बाहेरून टाकीचा निळा रंग नवाच्या नवा. आत, जिथे कोणाची नजर पोचत नाही, तिथे पत्रा पातळ होतो आहे. हिशेब केला तर या टाकीत आत्ता दबून बसलेली शक्ती एका टनाची मोटार दोन मजले उचलील. तिला धरून ठेवणारी भिंत तेवढी ही एकच. म्हणून गंजून भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावत नाहीत. ती टाकी निवृत्त करतात.

आता काटा पाहा. किंचित उतरला असेल. हवा निवली की तेवढे चालायचेच. बराच उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे. पावसाच्या आवाजात ती ऐकू येणार नाही. साबणाचे पाणी सांध्यांवर लावा आणि बुडबुडा कुठे फुगतो ते पाहा.

टाकीवर कडी असलेला छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मोटर थांबवणाऱ्या प्रेशर स्विचने दगा दिला तर बोलायचे, एवढेच त्याचे काम. बहुधा त्याच्यावर ती पाळी येतच नाही, आणि न बोलून त्याची वाचा बसू शकते. तोंड बाजूला करून, क्षणभर कडी ओढा. जोराचा फुत्कार आला, सोडताच थांबला? मग व्हॉल्व्ह जागा आहे. तो गळतो म्हणून कोणी बूच मारायला सांगितले तर ऐकू नका, नवा बसवा.

पिन काढा. हवा गनमधून सोडत काटा वीसच्या आसपास आणा. मग खाली बसून तळाचा कॉक सावकाश फिरवा. आधी तांबूस पाणी, मग पाणी मिसळलेली हवा, मग नुसती हवा. मनाचेही असेच असते, असे म्हणायचा मोह इथे होतो. तो बाजूला ठेवा. पाण्याचा रंग पाहा. थोडा तांबूसपणा लोखंडाला लागलेलाच आहे. गंजाच्या खपल्या पडू लागल्या तर टाकी काहीतरी सांगते आहे. पाणी दुधाळ असेल तर पिस्टनच्या रिंगांजवळून ऑइल वर येते आहे. एवढे वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि ती रोज लागतात. कालचे सोडलेले पाणी आजच्या कामी येत नाही.

हवेचा आवाज संपला. कॉकखाली थेंब पडतो आहे, बाहेर कौलांवरून पागोळ्या. दोन्ही आवाज थोडा वेळ एकत्र ऐका.

कॉक रात्रभर उघडाच राहू द्या. स्टूल जागेवर ठेवा. काटा शून्यावर आहे. सकाळी घाईत कॉक बंद करायचा राहून जातो, म्हणून गनची नळी त्याच्यावरच अडकवून ठेवा. ती उचलायला जो येईल त्याचा हात आधी कॉककडे जाईल.