घरात काय आहे?

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



वरील पाठात एका विधवेची हकीकत आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता; आपल्या भाषेत बोलायचे तर ते उपदेशकाचे घर होते. तो परमेश्वराचे भय धरणारा होता असे ती अलीशाला सांगते, व अलीशा ते नाकारीत नाही. असे असूनही तो वारला तेव्हा घरावर देणे होते, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला होता. हे देणे कशाने झाले ते शास्त्र सांगत नाही. दुष्काळाने झाले असेल, दुखण्याने झाले असेल, किंवा हात सैल असल्यानेही झाले असेल. इतके मात्र उघड आहे की, भक्तिमान मनुष्याच्या घरीसुद्धा देणे साचते, आणि ते साचले म्हणजे त्याचे ओझे लेकरांच्या मानेवर येते.

बीड जिल्ह्यात व अहिल्यानगरच्या पाथर्डी भागात ही गोष्ट कोणास फोड करून सांगावी लागत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्यास 'कोयता' म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते. दिवाळीच्या सुमारास गाड्या गावाबाहेर पडतात, व हंगाम सरेपर्यंत ऊस तोडून ती उचल फेडावयाची असते. फिटली नाही तर बाकी पुढल्या वर्षावर चढते. घरी सांभाळायला म्हातारे माणूस नसले तर लेकरेही कोपीवर जातात, आणि इकडे शाळेच्या पटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी पडत राहते. आता कोणी कोणाच्या मुलास उघडपणे दास करून नेत नाही. परंतु पाटीदप्तर सोडून फडात वाढे गोळा करणारे पोर ज्याने पाहिले आहे, त्यास त्या विधवेचे रडणे परके वाटणार नाही.

ऊसतोड नसली तरी आपल्यापैकी बहुतेकांची मिळकत एकसारखी नाही. कांदा काढणीला, कापूस वेचणीला हातात पैसा खेळतो. वैशाखात मजुरी मिळत नाही. दुधाचा पगार दहा दिवसांनी किंवा पंधरवड्याने होतो, पण गाय आटली की तोही बंद पडतो. देणी मात्र मोठी नेमस्त असतात. विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला येते. मोबाईलचे जे रिचार्ज आपण महिन्याचे म्हणून मारतो ते पुष्कळदा २८ दिवसांचे असते. म्हणजे वर्षातून ते १२ नव्हे, तर १३ वेळा मारावे लागते. गॅसची टाकी पाहुण्यांपुढेच संपते. जून आला की वह्या, गणवेश व फी एकदमच उभी राहतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या घरी बाराही महिने पोटापुरते येत नाही, त्यास काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी मनुष्यास उपासाचे पुण्य सांगणे होय. त्याला मंडळीने धान्य द्यावे, उपदेश मागाहून द्यावा. आजचे बोलणे त्यांच्याशी आहे, ज्यांच्या घरी वर्षाकाठी पुरेसे येते, पण जे येते ते येत्या आठवड्यातच निघून जाते. अशी घरे आपल्या मंडळ्यांत थोडी नाहीत. पट्टी हाती पडली की बाजारातून मोठी पिशवी येते, हप्त्यावर दूरदर्शन संच येतो, भाच्याच्या लग्नात आहेर वजनदार होतो; आणि दीड महिन्याने त्याच घरातून मूल वाटी घेऊन शेजारी पिठासाठी जाते. हे दुष्टपणाने होत नाही. फार दिवस दाबून धरलेली इच्छा पैसा दिसताच उसळते, इतकेच. परंतु बिल त्या इच्छेची कहाणी ऐकून घेत नाही.

आता अलीशाने काय केले ते पाहा. त्याने तिला प्रथम पैसे दिले नाहीत, की सावकारास शाप दिला नाही. त्याने विचारले की, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणाली, तेलाच्या लहानशा भांड्यावाचून काही नाही. चमत्कार त्या 'काही नाही' पासूनच सुरू झाला. म्हणून पहिले काम हे की, घरातील मोजदाद करावी. एक साधी वही घ्यावी व मागील बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती आले ते नवराबायकोने एकत्र बसून आठवून लिहावे. आठवत नसेल तर दूध संस्थेचे पुस्तक, बँकेचे पासबुक व दुकानदाराची उधारीची वही साक्ष देतात.

समजा, एका घरी तीन सुगीच्या महिन्यांत दरमहा २४,००० रुपये आले व उरलेल्या नऊ महिन्यांत ८,००० रुपयेप्रमाणे आले. वर्षाचे १,४४,००० झाले. बारा भाग केले तर महिन्याला १२,००० येतात. आता त्या घराने स्वतःस १२,००० चे न समजता १०,००० चे समजावे, कारण पुढील वर्ष मागल्यासारखेच जाईल असा लेख कोणी लिहून दिलेला नाही. सुगीच्या प्रत्येक महिन्यात १४,००० बाजूला पडले म्हणजे तीन महिन्यांत ४२,००० झाले. नऊ महिने दरमहा २,००० कमी पडतील, त्यांत १८,००० गेले. शिल्लक २४,००० राहिली. दवाखाना, बियाणे व जुने देणे यांस हीच शिल्लक कामास येते. योसेफाने मिसरात याहून निराळे काय केले? सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पाचवा हिस्सा कोठारात घातला. बाकीचे चार हिस्से लोक खातच होते. त्यास तर वर्षांचा आकडा स्वप्नावरून कळला. आपल्यास वैशाख कधी येतो हे स्वप्नावाचूनही ठाऊक असते.

कोणी म्हणेल, साठविणे हा अविश्वास आहे; उद्याची चिंता करू नये असे प्रभूने शिकविले, आणि रानात ज्यांनी मान्ना उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. हे खरे आहे. पण त्याच अध्यायात पुढे वाचावे. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा झाली, आणि शब्बाथासाठी ठेवलेल्या त्या मान्न्यात किडा पडला नाही. ज्या दिवशी मिळणार नाही असे देवाने आधी कळविले, त्या दिवसासाठी ठेवणे हा आज्ञाभंग नव्हे. पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, त्याच्या बारा टोपल्या भरल्या. भाकरी निर्माण करू शकणारा तुकडा वाया जाऊ देत नाही, हे नवल आपण पुरते पाहत नाही.

विधवेला दुसरी आज्ञा झाली ती भांड्यांची. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी मागू नको, असे अलीशाने सांगितले. भांडी होती तोवर तेल वाहिले. भांडे सरताच ते थांबले. आपल्या घरात उलट घडते : तेल येते, पण भांडे नसते, म्हणून ते जमिनीवर सांडते. पैसा येण्यापूर्वीच त्याची भांडी मांडून ठेवली पाहिजेत. कोणी डबे ठेवतात, कोणी कापडी पिशव्या शिवतात : एक विजेचा व गॅसचा, एक शाळेचा, एक दुखण्याचा, एक प्रभूचा. दर शनिवारी बाजाराचा ठरलेला पैसा डब्यातून काढावा व तो संपला की पुढल्या शनिवारपर्यंत झाकण उघडू नये. मोठी रक्कम मात्र घरी ठेवू नये. ती बँकेत किंवा पोस्टात टाकावी. घरातला पैसा रात्री हाक मारतो. ज्यांच्या नावे जमीन आहे व पीएम-किसानचे २,००० रुपये वर्षातून तीनदा येतात, त्यांनी तो हप्ता येण्यापूर्वीच एखाद्या नेमस्त देण्याच्या नावे लिहून टाकावा.

ज्यास आपला हात सैल आहे हे ठाऊक आहे, त्याने किल्ली आपल्याजवळ ठेवू नये. यात पुरुषाचा अपमान मानण्याचे कारण नाही. पुष्कळ घरांत बाईच्या हातून पैसा कमी सांडतो. काही घरांत नवऱ्याच्या. ज्याच्या हातून कमी सांडतो त्याच्याकडे वही द्यावी.

तिसरी आज्ञा : दार लावून घे. तेल ओतताना गावाने पाहावयाचे नव्हते. आपला बराच खर्च गावाने पाहावा म्हणूनच होतो. नाताळचे कपडे, बारशाचे जेवण, लग्नातला मांडव, यांत निम्मा पैसा शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी जातो. उपदेशक बंधूंनी याविषयी आधी आपल्या घरचा मांडव लहान करावा; व्यासपीठावरून केलेल्या दहा उपदेशांपेक्षा मंडळीस तो एक मांडव अधिक कळेल.

तेल भरले तेव्हा अलीशाने अनुक्रम सांगितला : तेल विक, देणे फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले जगा. देणे आधी, जगणे मागून. कारण साधे आहे. शेकडा ५ रुपये महिना दराने घेतलेल्या १०,००० वर वर्षात ६,००० व्याज जाते, आणि १०,००० जसेच्या तसे उभे राहतात. बचत गटाचे व्याज शेकडा २ असले तर तेच २,४०० होते. म्हणून ज्या देण्याचे व्याज जबर, ते प्रथम फेडावे, मग त्याची रक्कम लहान असो की मोठी. एका गटाचा हप्ता भरण्यास दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढणे म्हणजे एका भांड्याचे भोक बुजविण्यास दुसऱ्यास भोक पाडणे होय. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. अशाकडून जाच होत असल्यास तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कधीही देऊ नये. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख दस्तऐवजांवर होता. वाचता न आलेल्या कागदांनीच त्यांच्या जमिनी नेल्या होत्या.

बिल थकले तर तोंड लपवू नये. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकास १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असे २००३ च्या वीज कायद्यात आहे. ते दिवस भिंतीकडे पाहत न घालविता कार्यालयात जावे व काय भरता येईल ते बोलावे. दुकानदारासही उधारीची तारीख टळण्याच्या आदल्या दिवशी जाऊन सांगावे. दुसऱ्या दिवशी सांगितलेली अडचण सबब वाटते.

राहिला प्रभूचा डबा. मिळकत अनियमित असता दशमांश कसा द्यावा, असे पुष्कळजण विचारतात. पौलाने करिंथच्या मंडळीस सांगितले ते असे की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्यास मिळाले असेल त्या मानाने बाजूला ठेवावे. त्यात ठरीव रक्कम नाही. मिळाल्याचे मान आहे. ज्या आठवड्यात २,००० आले त्यात २०० ठेवावे. ज्यात काही आले नाही त्यात काही ठेवू नये, व त्याबद्दल कोणत्याही पंचाने त्यास टोकू नये. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी काढून ठेवीत आल्या आहेत. त्यात पैशाची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची मूठ तशीच काढता येईल, आणि वैशाखात ज्या घरी पीठ संपेल त्या घरी ती मंडळीच्या हातून, दार लावून, पोहोचविता येईल.