गाणं म्हणणं

गेल्या महिन्यात जुन्या गाण्यांवरच्या एका परिसंवादाला गेलो होतो. सभागृह भरलेलं, बहुतेक श्रोते साठी ओलांडलेले. पहिले तीन वक्ते ठरल्या वाटेने बोलले: तेव्हा शब्द होते, चाली होत्या, आता नुसता ठेका उरला आहे. चौथा वक्ता वयाने सगळ्यांत लहान. तो म्हणाला, "गाणी तेव्हा चांगली होती असं काही नाही. तुम्ही तेव्हा तरुण होता, एवढंच." सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. ज्यांची आवड त्या एका वाक्यात निकालात निघाली, त्यांनीच टाळ्या वाजवाव्यात याचं मला वाईट वाटलं. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पहिल्या तिघांशी भांडण्यात अर्थ नाही. सुवर्णकाळातही सुमार गाणी ढिगाने झाली. ती विसरली गेली म्हणून उरलेला काळ सोन्याचा दिसतो. यंत्रांनी गाणं बिघडवलं म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की भावगीताचा तो कानाशी बोलणारा हळुवार आवाज मायक्रोफोन नावाच्या यंत्रानेच शक्य केला.

चौथ्याचं तसं नाही. त्याच्यामागे शास्त्र उभं आहे. माणसाला आपल्या पंधरा ते पंचवीस वर्षांच्या दरम्यानच्या गोष्टी बाकीच्या आयुष्यापेक्षा जास्त आठवतात. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, आठवणींचा उंचवटा म्हणू. त्या वयात कानावर पडलेलं गाणं पहिल्या प्रेमाला, पहिल्या नोकरीला, होस्टेलच्या खोलीला चिकटतं आणि पुढे आपण त्या गाण्यावर प्रेम करतो असं समजून स्वतःच्या तारुण्यावर प्रेम करत राहतो. हे ऐकायला इतकं पटणारं आहे, की पुढे विचार करायची कोणाला गरजच वाटत नाही. मला वाटते.

माझा जन्म १९६४ चा. म्हणजे माझा उंचवटा साधारण १९७९ ते १९८९. 'कुर्बानी' १९८० चा, 'डिस्को डान्सर' १९८२ चा. त्या वर्षांत गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावर ही गाणी मी हजार वेळा ऐकली असतील. आजही त्यांचा पहिला ठोका वाजला की मांडव उभा राहतो, पावसाने भिजलेली कनात, वर्गणीच्या पावत्या, सगळं. शास्त्राचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे. पण त्यांतलं एकही गाणं मला ध्रुवपदाच्या पुढे म्हणता येत नाही. उलट माझ्या जन्माआधी झालेल्या निदान चाळीस गाण्यांचे सगळे अंतरे मला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. ही दुसरी गाणी मांडव वगैरे काही उभं करत नाहीत. ती नुसती येतात: भांडी घासताना, जिना चढताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत. पहिली गाणी माझ्या ओळखीची आहेत. दुसरी माझ्याजवळ आहेत. तारुण्याच्या सिद्धान्ताला हा फरक दिसत नाही, कारण तो पहिल्या जातीच्या गाण्यांवरच बेतलेला आहे.

शास्त्रालाही ही अडचण भेटलेली आहे. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीच्या आसपासच्या मुलांना त्यांनी १९५५ पासून पुढच्या साडेपाच दशकांतल्या लोकप्रिय अमेरिकी गाण्यांचे तुकडे ऐकवले. मुलांच्या आवडीला आणि आठवणींना स्वतःच्या वयाचा उंचवटा होताच. पण आणखी एक उंचवटा निघाला, त्यांच्या आईबापांच्या तरुणपणच्या गाण्यांपाशी, आणि एक साठच्या दशकापाशी. दुसऱ्याच्या तारुण्याची हुरहुर या मुलांना लागली कशी? घरात ती गाणी वाजत होती, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. वाजणं म्हणजे काय, कोण वाजवतं, आणि वाजत असताना घरातल्या माणसांची तोंडं उघडी होती की मिटलेली, हे त्यात येत नाही. तुकडा ऐकवून प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगात माणूस आधीच श्रोता झालेला असतो.

माझ्या मावशीची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. १९५८ ते १९६७ या काळात तिने रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी तिच्यात आहेत. मुंबई केंद्रावर 'आपली आवड' लागलं की ती वही उघडून बसायची. गाणं तिच्या लिहिण्यासाठी थांबत नसे. म्हणून एखाद्या पानावर दोन ओळी निळ्या शाईत, मध्ये मोकळी जागा, आणि ती जागा नंतर कधीतरी पेन्सिलीने भरलेली. तीन-तीन बैठकांत पुरं झालेलं गाणं आहे. एका गाण्याचा शेवटचा अंतरा कधीच मिळाला नाही. त्या पानाचा खालचा भाग तिने कोराच ठेवला, पुढचं गाणं नव्या पानावर घेतलं. काही शब्द तिने चुकीचे ऐकले. ते तसेच लिहिले, तसेच पन्नास वर्षं म्हटले, आणि तिच्याकडून तसेच माझ्याकडे आले. आज मूळ ध्वनिमुद्रिका ऐकताना त्या शब्दाशी मला ठेच लागते; गायिकाच चुकली असं क्षणभर वाटतं.

मावशी गाणारी नव्हती. तिला कोणी गायिका म्हटलं असतं तर ती संकोचली असती. ती गाणं म्हणायची. मराठीने हा फरक फार पूर्वी करून ठेवला आहे. गातो तो गायक; बाकीचे सगळे गाणं म्हणतात. पाहुण्यांसमोर मुलीला उभं करून आपण सांगतो, "गाणं म्हणून दाखव." आरती म्हणायची, पाढे म्हणायचे, परवचा म्हणायचा, ओवी म्हणायची, मंगलाष्टकं म्हणायची. या क्रियापदात सुरेलपणाची अट नाही, श्रोत्याची अट नाही. आपल्या पट्टीत सुरू करायचं, वर गेलं की खाली यायचं, शब्द आठवेना झाला की गुणगुणून पुढे जायचं, मधला वाजंत्रीचा तुकडाही तोंडानेच काढायचा. आणि याच क्रियापदातून 'माझं म्हणणं' निघतं, म्हणजे माझी बाजू. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

लोक गाणी का म्हणत होते? मुख्य कारण साधं आहे: हवं तेव्हा ऐकायला मिळत नव्हती. नभोवाणीमंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून हद्दपार झालेली सिनेमाची गाणी, सिलोनकडे वळलेले कान, अमीन सायानींची गीतमाला, मग १९५७ ची विविध भारती, ही कहाणी सगळ्यांना पाठ आहे. त्या कहाणीत आवाजांचं कौतुक होतं, मधल्या शांततेचं होत नाही. गीतमाला आठवड्यातून एकदा. गीतरामायणाचं पुणे केंद्रावरचं प्रसारण १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललं. गीतं छप्पन्न, आठवड्याला एक नवं. माडगूळकर-फडक्यांच्या प्रतिभेविषयी मी नवं काय सांगणार? पण एका गीताला एक आठवडा मिळाला, ही गोष्ट मला त्या प्रतिभेइतकीच मोठी वाटते. मधल्या दिवसांत ते गीत रेडिओवर नव्हतं, तेव्हा ते माणसांच्या तोंडी होतं. चाल निसटू नये म्हणून ती सतत घोळवत ठेवावी लागे. ज्याला आपण रसिकता म्हणतो तिचा मोठा हिस्सा ही राखणदारी होती.

याहून जुना दाखला जात्याचा. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात आली. त्याआधी ती शेतात आणि जात्यावर म्हटली गेली होती. पिठाची गिरणी गावात आली आणि बायकांच्या खांद्यावरचं एक मोठं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं. पण त्याबरोबर ओवीही थांबत गेली. ओवीचा दर्जा घसरला, किंवा नव्या सुनांना काव्य कळेना, असं कोणी म्हणत नाही. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, अशी वेळ दिवसातून गेली. सिनेमाच्या आणि भावगीताच्या बाबतीत मात्र आपण लगेच दर्जाची भाषा काढतो.

दर्जाच्या याच भाषेमुळे सुवर्णकाळाची यादी इतकी अरुंद झाली आहे. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत म्हटली गेली, रेकॉर्ड नसताना, रेडिओचा आधार नसताना, एका जयंतीहून दुसऱ्या जयंतीपर्यंत. लोकप्रिय गाणं म्हणजे काय याचा याहून शुद्ध नमुना मला माहीत नाही. पण जुन्या गाण्यांच्या रंगमंचावरच्या कार्यक्रमांत त्यांचं नाव क्वचित निघतं. हुरहुरीलाही जात असते, हे त्यातून कळतं.

आता आज जुनं गाणं मिळत नाही अशी तक्रार कोणाचीच नाही. मावशीच्या वहीतली गाणी फोनवर एका बोटाच्या अंतरावर आहेत. गाणंच हरवलं असतं, तर ते सापडल्यावर हुरहुर शमायला हवी होती. ती वाढली आहे. तारुण्य हरवल्याचीच ती असती, तर जुना फोटो, जुनी गल्ली, काहीही चाललं असतं. गाण्यालाच माणसं का धरून बसतात? मावशीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिच्या नातवाने जुन्या रेडिओसारखं दिसणारं, हजारो गाणी भरलेलं एक यंत्र आणून दिलं. मोठ्या प्रेमाने दिलं, तिलाही फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने ते शेजारी ठेवून तांदूळ निवडायला घेतले. एकामागून एक तिची गाणी लागत गेली, उत्तम आवाजात, सगळ्या अंतऱ्यांसह. मावशी गप्प होती. मी तासभर तिथे होतो; तिने एकदाही तोंड उघडलं नाही. इतक्या सुंदर आवाजासमोर आपण कशाला, असं तिला वाटलं असणार.

कराओकेचे माझे मित्र इथे हरकत घेतील. पुण्यात, ठाण्यात दर रविवारी त्यांचे मेळावे भरतात, निवृत्त माणसं घरी आठवडाभर सराव करून येतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, तरी त्याला मी म्हणणं म्हणणार नाही. ट्रॅक ठरलेला, त्याची लय ठरलेली, बहुधा पट्टीही मूळ गायकाच्या सोयीची. शब्द पडद्यावरून वाचायचे. तुलना सतत रफींशी, लताबाईंशी. एक सम थोडी चुकली तर गाणं तुम्हाला सोडून पुढे निघून जातं. म्हणण्यात गाणं माणसासाठी थांबतं. हा फरक बारीक आहे हे मान्य, पण माझ्या लेखी सगळं त्याच्यातच आहे.

दुसरी हरकत मला जास्त जड जाते. हृदयनाथ मंगेशकरांच्या कित्येक चाली म्हणायला गेलं की दुसऱ्या ओळीतच दम तुटतो. त्या म्हणण्यासाठी नाहीतच. तरी त्या टिकल्या आहेत, आणि मी त्या जीव टाकून ऐकतो. तेव्हा न म्हटलेलं गाणं टिकत नाही असं मला म्हणता येणार नाही. पण अशी चाल ऐकून झाली की मन भरतं. मागे काही राहत नाही. मी बोलतोय ते मागे जे राहतं त्याच्याविषयी.

आणि याला दशकाचं बंधन नाही. २०१६ साली 'सैराट' आला, आणि अजय-अतुलचं 'झिंगाट' मिरवणुकांमधून, शाळेच्या मधल्या सुट्टीतून मुलं म्हणायला लागली. कर्ण्याच्या मदतीशिवाय, बाकावर हात आपटून. परिसंवादातले पहिले तिघे त्याला ठेका म्हणून मोडीत काढतील. मावशीने ते वहीत उतरवून घेतलं असतं.

मागच्या डिसेंबरात एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन आम्ही पुण्याहून महाडला निघालो होतो. भोर सोडेपर्यंत बसमध्ये कोणाच्या तरी फोनवरून छोट्या स्पीकरवर गाणी चालू होती. वरंधा घाटात रेंज गेली आणि स्पीकर गप्प झाला. पाच-सात मिनिटं नुसता इंजिनाचा आवाज. मग मागच्या बाकावरून एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने एक जुनं भावगीत धरलं, तिच्या आजीच्या लग्नाआधीचं. आजी दोन बाकं पुढे होती. पहिल्या अंतऱ्यात तिने मान वळवून मुलीचा एक शब्द दुरुस्त केला. मुलगी म्हणाली, "आजी, तूच मला असं शिकवलंयस." आजी म्हणाली, तसं नाही. मुलीने पुढच्या वेळी तोच शब्द, जरा जोर देऊन म्हटला. तोवर निम्मी बस म्हणायला लागली होती आणि ज्याला जो शब्द येत होता तो तो म्हणत होता. शेवटच्या ध्रुवपदाला मी कान देऊन ऐकलं. आजीने मुलीचा शब्द घेतला होता.