ओळ मजकुराची की कागदाची?

वेबपानावरच्या साध्या परिच्छेदात लागोपाठ दहा रिकाम्या जागा सोडल्या तरी ब्राउझर त्यांची एकच करतो आणि ओळ कुठे मोडायची ते खिडकीच्या रुंदीवरून ठरवतो. ‘प्री’ या खुणेत ठेवलेल्या मजकुराला हा नियम लागू नाही. तिथे लिहिणाऱ्याने जितक्या जागा सोडल्या तितक्या राहतात, ओळ त्याने संपवली तिथेच संपते. प्रोग्राम, आकड्यांचे तक्ते, कविता, अक्षरांनी काढलेल्या आकृत्या यांच्यासाठी ही सोय आहे. पडद्यावर ती निभावते, कारण ओळ लांबली तर आडवी सरकपट्टी देता येते. कागदाला सरकपट्टी नसते. छापताना लांब ओळीचे टोक कडेला छाटले जाते, नाहीतर सगळे पानच आक्रसून बारीक अक्षरांत उमटते.

तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळता येत नाहीत: ओळीची अखंडता, वाचता येईल असे अक्षर आणि कागदाची रुंदी. यांतले काय सोडायचे हे ठरवण्याआधी मजकुराचे ‘स्वत्व’ कशात आहे ते ठरवावे लागते. हा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन याने १९६८ साली ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांमध्ये एक भेद केला. चित्राची हुबेहूब नक्कल ही शेवटी नक्कलच. साहित्यकृतीची अचूक उतरलेली प्रत्येक प्रत मात्र तितकीच अस्सल. अचूकतेची त्याची कसोटी म्हणजे अक्षरे, जागा आणि विरामचिन्हे यांचा क्रम. टंक, शाई, कागद यांना या कसोटीत स्थान नाही. जागेला मात्र आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. गद्यातला ओळीचा शेवट ही एक साधी रिकामी जागाच असते. कवितेत ती कवीची खूण असते. नुसत्या क्रमाकडे पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

यहुदी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार काटेकोरपणे दिले आहे. तोराह या धर्मग्रंथाची कातड्याची गुंडाळी हाताने लिहिताना समुद्र ओलांडल्यानंतरचे गीत विटांच्या रचनेसारखे लिहावे लागते: एका ओळीतल्या मजकुराखाली पुढच्या ओळीत मोकळी जागा आणि मोकळ्या जागेखाली मजकूर. मोशेचे अखेरचे गीत दोन स्तंभांत येते. गीत गद्यासारखे किंवा गद्य गीतासारखे लिहिले गेले, तर ती गुंडाळी वापरातून काढून ठेवावी, असे तालमूद हा धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. एक अक्षरही चुकलेले नसताना प्रत अपात्र ठरते. तिथे मोकळी जागासुद्धा धर्मग्रंथाचा भाग आहे. मोशेच्या गीताच्या ओळी अलेप्पोच्या प्रसिद्ध हस्तलिखितात ६७ आहेत, तर बहुतेक गुंडाळ्यांत ७०, आणि हा फरक अभ्यासकांनी क्षुल्लक मानलेला नाही. याच गुंडाळीतल्या गद्य भागाला मात्र ओळ अमुक शब्दावरच संपावी असे शास्त्राचे बंधन नाही. म्हणजे एकाच ग्रंथात काही ओळी मजकुराच्या आहेत आणि काही कातड्याच्या.

ज्ञानेश्वरीच्या पोथीत याच्या उलट दिसते. ओव्या एकापुढे एक सलग लिहिलेल्या असतात, कागदाची कड आली की ओळ संपते. ओवी कुठे पुरी झाली ते दंड आणि क्रमांक सांगतात. छापील आवृत्त्यांनी ओव्या ओळींत मोडून मांडल्या म्हणून ग्रंथ बदलला असे कोणी म्हटले नाही. चरण यमकाने ऐकू येतात, त्यांना जागेचा टेकू लागत नाही. वेदपाठकांनी तर याच्याही पुढची सोय केली. संहितापाठात संधीने जुळलेले शब्द पदपाठात सुटे म्हटले जातात, त्यामुळे शब्दांमधली सीमा लेखणीवाचून, म्हणण्याच्या पद्धतीतच टिकली.

संगणकाच्या जगात हे दोन्ही पक्ष शेजारी शेजारी नांदतात. पायथन भाषेत ओळीच्या आरंभीचा समास प्रोग्रामचा अर्थ ठरवतो. तो हलला तर प्रोग्राम वेगळा होतो किंवा चालतच नाही. ती या व्यवहारातली तोराह म्हणावी. इंटरनेटचे नियम सांगणारे ‘आरएफसी’ दस्तऐवज १९६९ पासून निघत आहेत. अनेक दशके त्यांचे अधिकृत रूप ७२ अक्षरांच्या ओळींचा आणि ५८ ओळींच्या पानांचा साधा मजकूर हेच होते. २०१९ मध्ये अधिकार एक्सएमएल रूपाकडे गेला आणि ओळी मोडणे हे त्या त्या माध्यमाचे काम ठरले. एका मोठ्या समूहाने आपल्या ओळी कागदाच्या होत्या असे जाहीर केल्यासारखेच हे होते.

एवढे ठरले की छपाईतली दुरुस्ती अवघड नाही. ओळ कागदाची असेल, तर पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये छपाईपुरता वेगळा विभाग करून ‘व्हाइट-स्पेस’ला ‘प्री-रॅप’ हे मूल्य द्यावे. जागा शाबूत राहतात, फक्त लांब ओळ कडेला पोचली की मोडते. न तुटणाऱ्या लांबलचक वेबपत्त्यांसाठी ‘ओव्हरफ्लो-रॅप’ लागते, आणि पडद्यासाठी ठेवलेली सरकपट्टी व ठरावीक उंची काढून टाकावी लागते, नाहीतर उरलेला मजकूर छापलाच जात नाही. या उपायात एक लबाडी मात्र आहे: ब्राउझरने मोडलेली ओळ आणि लेखकाने संपवलेली ओळ कागदावर सारखीच दिसतात. ओळींना क्रमांक दिले की हा संशय फिटतो, कारण मोडलेल्या तुकड्याला क्रमांक नसतो.

ओळ मजकुराची असेल, तर मोडण्याऐवजी हिशेब करावा. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे २० चा समास सोडला तर १७० उरतात. कुरिअरसारख्या समरुंद टंकात अक्षराची रुंदी त्याच्या आकाराच्या ०.६ पट असते, म्हणून १० पॉइंटला ओळीत ८० अक्षरे बसतात आणि ८ पॉइंटला १००. १२० अक्षरांची ओळ उभ्या कागदावर बसवायला टंक ६.७ पॉइंटपर्यंत उतरवावा लागतो, जे डोळ्यांवर अन्याय करणारे आहे. कागद आडवा केला तर तीच ओळ १० पॉइंटमध्ये मावते. टॅबची रुंदी ब्राउझर आठ जागांइतकी धरतो; ती चारवर आणली की खोल समासाच्या ओळी बऱ्याच आखूड होतात. लहान तुकडा दोन पानांत विभागू नये म्हणून ‘ब्रेक-इनसाइड’ला ‘अव्हॉइड’ द्यावे; पानापेक्षा लांब तुकड्यापुढे त्याचा इलाज चालत नाही.

मराठी मजकुराला हा हिशेब लागू पडत नाही. देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या, मात्रा यांमुळे रुंदी अक्षरागणिक बदलते आणि जागा मोजून जुळवलेले स्तंभ टंक बदलताच वाकडे होतात. तिथे स्तंभांची रचना खरोखर मजकुराची असेल, तर ती जागांच्या भरवशावर न ठेवता तक्त्याच्या खुणांनी बांधावी.